आवडीचे चार रविवार

नगरची माझी आत्या मला पत्र लिहायची, तेव्हा पाकिटावर पत्ता घालताना तिला हमखास हसू यायचे. "काय गं तुमच्या गावाचं नाव! आवडी! आवडीनं राहता ना तिथं?" असे ती पत्राच्या शेवटी दरवेळी विचारायची. मराठी कानाला हे नाव गोडच लागते. आपल्या संतांच्या बोलीत आवडी म्हणजे प्रेम, ओढ. मद्रासकडच्या माणसाला मात्र आवडी म्हटले की रणगाडे आठवतात. जुन्या लोकांना १९५५ च्या जानेवारीत इथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन आठवते. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला तो इथेच. पुढे १९६१ साली हेवी व्हेइकल्स फॅक्टरी आली. विजयंता, अजेय, अर्जुन हे रणगाडे इथेच बांधले गेले.

त्या फॅक्टरीच्या निमित्तानेच आम्ही इथे आलो. १९९३ साली यजमानांची अंबरनाथहून बदली झाली. दोन लहान मुले, चार ट्रंका आणि तमिळचे एक अक्षर येत नाही, अशा अवस्थेत आम्ही आवडी स्टेशनावर उतरलो. दुकानात हाताच्या खुणांनी भागायचे. पण रविवारी काय करायचे? आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. लहानपणापासून मराठीतून उपासना, मराठीतून गायने, पेटी-तबल्यावर भजने. इथले चर्च तमिळ.

तरीही गेलो. पहिले तीन-चार रविवार नुसते बसून काढले. लोक उठले की उठायचे, बसले की बसायचे. एक दिवस मात्र आत पाऊल टाकले आणि मी जागीच थांबले. वेदीवर जांभळे वस्त्र घातले होते. शेजारी चार मेणबत्त्या होत्या आणि त्यांतली एकच पेटवलेली होती. मी यजमानांचा हात दाबला. म्हटले, "अहो, हा तर आगमनकाळाचा पहिला रविवार!" त्या दिवशीच्या प्रवचनातलेही मला काही कळले नाही, पण परके वाटणे संपले. भाषा परकी होती, तिथी घरची होती.

त्या तिथींविषयीच आज थोडे सांगायचे आहे.

वर्ष कुठून सुरू होते?

वाचकांपैकी अनेकांना ख्रिस्ती सण म्हणजे नाताळ आणि गुड फ्रायडे एवढेच ठाऊक असतात. पण आमचेही एक पंचांग आहे. त्याचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. नाताळच्या आधी चार रविवार मागे जायचे, तिथे ते सुरू होते. हाच आगमनकाळ. म्हणजे वर्षाची सुरुवात सणाने नव्हे, वाट पाहण्याने होते. मग नाताळ. त्यानंतर काही आठवड्यांनी राखेचा बुधवार येतो आणि चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्या चाळिसांत रविवार मोजत नाहीत. शेवटी झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा दिवस, म्हणजे ईस्टर. ईस्टर एका दिवसात आटोपत नाही, तो पन्नास दिवस चालतो. पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट. त्यानंतर पुन्हा आगमनकाळ येईपर्यंत साधा, हिरव्या वस्त्राचा काळ.

नाताळची तारीख ठरलेली, पण ईस्टर मात्र चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्ये कुठेही येऊ शकतो. आमच्या शेजारच्या ब्राह्मण आजींना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही आमच्यासारखेच आकाशाकडे बघता की!"

चार मेणबत्त्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. १८३९ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात योहान विखर्न नावाचे एक धर्मोपदेशक गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत होते. मुले रोज विचारायची, नाताळ कधी? किती दिवस राहिले? विखर्न यांनी गाडीचे एक जुने चाक घेतले आणि त्यावर मेणबत्त्या लावल्या. साध्या दिवसांसाठी लहान, चार रविवारांसाठी मोठ्या. रोज एक पेटवायची. ज्या मुलांना हक्काने वाट पाहावी असे आयुष्यात काहीच नव्हते, त्यांना उजेड मोजता यावा म्हणून ही युक्ती. पुढे लहान मेणबत्त्या गेल्या, चार मोठ्या उरल्या आणि त्या जगभरच्या चर्चमध्ये पोहोचल्या.

यजमानांनी ही गोष्ट ऐकली आणि दुसऱ्याच रविवारी भंगारवाल्याकडून सायकलच्या चाकाची जुनी रिम घेऊन आले. हाताला वेल्डिंगची सवय होतीच. त्यांनी रिमवर चार लोखंडी वाट्या जोडल्या आणि तारेने ती माळ्याच्या हुकाला टांगली. तेव्हापासून दर वर्षी हे चाक आमच्या घरात निघू लागले.

पावसातला नाताळ

आपल्याकडे नाताळ म्हणजे थंडी, कोरडी हवा, शेतात ज्वारी उभी, घरात करंज्या-चकल्यांचे डबे. इथे तसे नाही. चेन्नईचा मुख्य पाऊस ईशान्येकडून, ऑक्टोबर ते डिसेंबरात येतो. वादळे येतात तीही त्याच दिवसांत. आमचा आगमनकाळ नेमका त्यांच्या तोंडी सापडतो.

२०१५ साली २९ नोव्हेंबरला पहिली मेणबत्ती लावली आणि १ डिसेंबरला शहर बुडाले. २०१६ साली तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, १२ डिसेंबरला, वर्धा वादळाने झाडे मुळापासून उपटली. त्सुनामी तर २००४ साली नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आली. तो रविवार होता. आपल्या वसई भागातले अनेक भाविक ज्या वेलांकण्णीला जातात, तिथल्या किनाऱ्यावर त्या सकाळी यात्रेकरूंची गर्दी होती. कितीतरी जण परतले नाहीत.

त्या आठवड्यात आमच्या चर्चमध्ये कुणी कुणाला "नाताळाच्या शुभेच्छा" म्हणत नव्हते. तरी तारा काढले नाहीत. दारोदार कागदी चांदण्या तशाच लटकत होत्या. मला तेव्हा ते विचित्र वाटले. एका जुन्या बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या, "तो जन्मला तेव्हा तरी कुठे सगळं बरं चाललं होतं?" विचार केला तर खरेच आहे. नाताळची मूळ गोष्ट सरकारी शिरगणतीसाठी झालेल्या पायपिटीची, जागा न मिळाल्याची आणि पुढे राजाच्या भीतीने रातोरात पळून जाण्याची आहे. चमचमाट आपण नंतर चढवला.

कोवळे पान आणि राख

उपवासकाळ येतो तोवर इथे ऊन तापू लागते. आमच्या चर्चमधल्या बायका या दिवसांत एक साधा नेम पाळतात. रोज भाताचे तांदूळ काढले की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. त्याला म्हणतात 'पिडि अरिसी', म्हणजे मूठभर तांदूळ. महिन्याच्या शेवटी तो डबा चर्चमध्ये जातो आणि गरजू घरांत वाटला जातो. एका मुठीने आपल्या घरी कुणी उपाशी राहत नाही, पण शंभर घरांच्या मुठींनी काही घरांची चूल पेटते.

झावळ्यांच्या रविवाराला तमिळमध्ये 'कुरुत्तोलै' रविवार म्हणतात. कुरुत्तोलै म्हणजे झाडाच्या गाभ्यातले अजून न उमललेले, पिवळसर कोवळे पान. लोक त्याचे क्रूस विणतात, घरी नेऊन भिंतीवर लावतात. वर्षभरात ते वाळून कडक होतात. पुष्कळ चर्चमध्ये ही वाळलेली पाने पुढच्या वर्षी गोळा करून जाळतात आणि तीच राख राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात.

सासूबाई पहिल्यांदा इथे राहायला आल्या तेव्हा त्यांना ही प्रथा सांगितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बरं आहे. आनंद जुना झाला तरी टाकून द्यायचा नाही. त्याची राखही कामाला येते." सासूबाई नगरच्या मिशन शाळेत शिकलेल्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की ते मनात राहायचे.

बंद दारांचा ईस्टर

२०२० चा ईस्टर १२ एप्रिलला होता. टाळेबंदी लागून अठरा दिवस झाले होते. चर्चच्या फाटकाला कुलूप. आम्ही तिघे, म्हणजे मी, यजमान आणि सासूबाई, पहाटे चारला उठलो, मोबाइलवर उपासना लावली आणि पलंगावर बसूनच पुनरुत्थानाची वार्ता ऐकली. यजमान म्हणाले, "पहिला ईस्टर असाच झाला होता. शिष्य दारं लावून, घाबरून घरातच बसले होते." आम्ही हसलो. पुढच्या वर्षी चर्चमध्ये जाऊ, असे म्हणालो.

पुढच्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला आला. गेलोही. त्याच महिन्याच्या अखेरीस यजमान गेले. सात दिवसांचे दुखणे. दफनाला आम्ही मोजून सहा माणसे होतो. मुलगी परगावी अडकली होती, तिने मोबाइलवर पाहिले.

वाचकहो, मला त्या दिवसांत सगळ्यात जास्त राग आला तो पंचांगाचा. मरणावर जय मिळवल्याचे पन्नास दिवस चालू होते. वेदीवर शुभ्र वस्त्र. सगळी गीते आनंदाची. समोरच्या घरातल्या अक्का, आमच्याच चर्चमधल्या, रोज संध्याकाळी आपल्या ओट्यावर बसून ईस्टरची तमिळ गीते मोठ्याने म्हणायच्या. मी खिडकी लावून घ्यायची. एवढेही कळू नये बाईला, असे वाटायचे.

एक दिवस राहवले नाही. दारात उभी राहून म्हटले, "अक्का, माझ्याच्याने हे ऐकवत नाही." त्या उठून फाटकापर्यंत आल्या. मास्क वर ओढला आणि म्हणाल्या, "मला माहीत आहे. तुला म्हणता येत नाही म्हणून तुझ्या वाटचं मी म्हणते. तुला म्हणता यायला लागलं की मी थांबेन."

मी दार लावून आत आले आणि त्या दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणाने रडले.

त्या रात्री मला थोमा आठवला. चेन्नईत थोमाला विसरून चालत नाही. प्रेषित थोमा इथे आला आणि इथेच हुतात्मा झाला, अशी इथली फार जुनी परंपरा आहे. मैलापूरजवळचे सान थोमे आणि विमानतळाजवळची सेंट थॉमस टेकडी त्याच्याच नावाची. 'पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही' म्हणणारा तो शिष्य. त्याच्या संशयावर प्रवचने पुष्कळ होतात. मला त्या रात्री वेगळेच सुचले. संशय बोलून दाखवल्यानंतर आठ दिवस थोमा कुठे होता? त्याच घरात, त्याच सोबत्यांबरोबर. त्यांनी प्रभूला पाहिले होते, त्याने नव्हते. तरी त्यांनी त्याला बाहेर काढले नाही आणि तोही निघून गेला नाही. आठ दिवस त्याच्या वाटचा विश्वास इतरांनी सांभाळला.

आशा ही एकट्याने बाळगायची वस्तू आहे, असे मी पन्नास वर्षे समजत होते. ती माझ्याजवळ नसेल तर मी खोटी ठरेन, अशी भीती वाटायची. अक्कांनी ती भीती घालवली. ज्याला गाता येते त्याने गावे. ज्याला येत नाही त्याने नुसते बसावे. म्हणून तर मंडळी असते.

हिरवा काळ

पेंटेकॉस्ट झाला की वर्षातला सगळ्यात लांब काळ सुरू होतो. त्यात मोठा सण नाही की उपवास नाही. वस्त्राचा रंग हिरवा. आपल्याकडे त्याच सुमाराला मृग लागतो आणि रानही हिरवे होते. इथे जून-जुलैत मातीला भेगा पडलेल्या असतात.

२०१९ चा हिरवा काळ मी विसरणार नाही. पूंडी, चोळवरम, पुळल, चेंबरंबाक्कम हे शहराला पाणी पुरवणारे चारही तलाव जवळजवळ आटले. प्लास्टिकच्या घागरींच्या रांगा पहाटे तीनपासून लागत. १२ जुलैला जोलारपेट्टैहून पाण्याची पहिली आगगाडी विल्लिवाक्कमला आली. पन्नास वाघिणी, पंचवीस लाख लिटर पाणी. आमच्या आवडी स्टेशनावरूनच ती पुढे जायची. यजमान मुद्दाम पुलावर जाऊन ती पाहून आले. मला म्हणाले, "आपल्या लातूरची गाडी आठवते?" २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला असेच रेल्वेने पाणी गेले होते. महाराष्ट्र काय नि तमिळनाडू काय, तहान एकच.

त्या रविवारीही वेदीवर हिरवेच वस्त्र होते. बाहेर एक हिरवे पान नाही आणि आत हिरवे कापड. पूर्वी मला यात विसंगती दिसली असती. आता वाटते, सण आणि दुःख हे दोन्ही थोडे दिवसांचे असतात. बाकीचे आयुष्य या साध्या काळातच जाते. घागर भरणे, डबा करणे, म्हाताऱ्यांची औषधे, मुलांची फी. श्रद्धा टिकते की नाही याची परीक्षा इथेच होते.

चौथी वाटी

२०२१ चा आगमनकाळ २८ नोव्हेंबरला सुरू होणार होता. मी ठरवले होते, या वर्षी चाक काढायचे नाही. आदल्या वर्षीच त्याची एक वाटी तुटली होती. "पुढच्या वर्षी जोडतो" म्हणाले होते.

शनिवारी संध्याकाळी सासूबाईंनी हाक मारली. त्यांचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. "सूनबाई, चाक काढलंस का?"

म्हटले, "नाही. आणि काढणारही नाही. तुटलंय ते."

"मन नाही होत तुझं, ते मला कळतं. माझाही लेक होता तो." त्या थोडा वेळ थांबल्या. "पण मन होईल तेव्हा काढायचं म्हटलं, तर ते कधीच निघणार नाही. तारीख आली आहे. काढ."

मग त्यांनी मला लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट सांगितली. नगरच्या ख्रिस्ती घरांत टिळकांची नावे घरच्या माणसांसारखी घेतली जातात. १८९५ साली रेव्हरंड टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. काही वर्षे त्या दूर राहिल्या आणि मग स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या विचाराने तिथवर आल्या. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले. तेही ईस्टरच्या पन्नास दिवसांतच. मागे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले होते. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे लिहून पुरे केले. 'स्मृतिचित्रे'ही त्यांनी लिहिली ती वैधव्यातच. "त्यांना रडू आलं नसेल का?" सासूबाई म्हणाल्या. "आलंच असेल. पण अर्धवट राहिलेलं काम समोर होतं. ते त्यांनी हातात घेतलं."

मी स्टुलावर चढले आणि चाक काढले. तीन वाट्या ठीक होत्या. चौथ्या मेणबत्तीसाठी स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी घेतली, तिच्यात मूठभर तांदूळ घातले आणि मेणबत्ती त्यात रोवली. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन. आनंद झाला असे मी म्हणणार नाही. पण चौथ्या रविवारी उपासनेत एक गीत सुरू झाले आणि दुसऱ्या कडव्याला माझ्या लक्षात आले की मी म्हणते आहे. अक्कांनी बाजूच्या बाकावरून माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली.

सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या. २०२३ साली मी एकटीच होते. पहिला रविवार ३ डिसेंबरला आला आणि त्याच दिवशी मिचौंग वादळाचा पाऊस सुरू झाला. रात्री वीज गेली. सोमवारी घरात घोट्याइतके पाणी शिरले. वरच्या मजल्यावरच्या मुस्लिम कुटुंबाने मला वर बोलावले, ब्राह्मण आजीही तिथेच होत्या. हातात काय घ्यावे सुचेना, तेव्हा मी चाक आणि मेणबत्त्या उचलल्या. त्या रात्री नियम मोडला. पहिल्या रविवारची एकच मेणबत्ती लावायची असते, मी चारही लावल्या. त्यांच्या उजेडात आजींनी गोळ्या घेतल्या, वरच्या सूनबाईंनी बाळाला दूध पाजले आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उपमा खाल्ला.

तुटलेली वाटी मी अजून जोडून घेतलेली नाही. वेल्डिंगवाला कोपऱ्यावरच आहे, पण राहू दिले आहे. तांदळाची वाटी छान चालते. आगमनकाळ संपला की त्यातले तांदूळ मी पिडि अरिसीच्या डब्यात टाकते.

वाचकहो, तुमचे पंचांग कुठलेही असो, एवढे मात्र अनुभवाने सांगते. मन तयार होण्याची वाट पाहू नका. दिवा लावायची तिथी आली की दिवा लावा. हात चालू लागले की मन मागून येते, थोडे उशिरा का होईना. आणि शेजारी कुणाला दिवा लावणे जमत नसेल, तर त्याच्या वाटची एक वात आपल्या घरी लावा.

आत्या आता नाही. असती तर तिच्या प्रश्नाचे उत्तर मी आज नीट लिहून पाठवले असते. हो आत्या, आवडीनंच राहते.